गॅस संपत नाही, गळतो

फाल्गुन सरत आला की आपल्या बिदर-कलबुर्गीकडील मोटार दुरुस्तीच्या गॅरेजांपुढे एक ठरावीक संवाद ऐकू येऊ लागतो. गाडीचा मालक म्हणतो, “एसी थंड करीत नाही.” मिस्त्री बॉनेट उघडतो, एका नळीला हात लावून पाहतो आणि सांगतो, “गॅस कम हुआ साब, भरना पडता.” मालक मान डोलावतो. तासाभरात गॅस भरला जातो, पैसे दिले जातात आणि गाडी थंडगार वारा सोडीत घरी येते. पुढच्या फाल्गुनात हाच संवाद पुन्हा होतो. कित्येक घरांत तर हा खर्च पापड-कुरडयांच्या खर्चासारखा उन्हाळ्याच्या हिशेबात आधीच धरलेला असतो. ह्या महिन्यात आम्हांला ह्या समजुतीविषयी लिहावयाचे आहे. कारण ती मुळातच चुकीची आहे, आणि तिची किंमत आपल्या खिशाला व आपल्या डोक्यावरील आकाशाला, दोघांनाही मोजावी लागते.

पेट्रोल जळते म्हणून संपते. एसीतील गॅस जळत नाही, झिजत नाही, खर्चही होत नाही. तो एका बंद नळीमार्गात सतत फिरत असतो. आपल्या स्वयंपाकघरातील फ्रिजकडेच पाहा. तो रात्रंदिवस चालतो, तरी दहा-पंधरा वर्षे त्यात कोणी गॅस भरीत नाही. मोटारीतील यंत्र तत्त्वतः त्याचेच भावंड आहे. फरक एवढाच की फ्रिजच्या नळ्या पक्क्या जोडलेल्या असतात आणि त्याची मोटर कॉम्प्रेसरसह एकाच बंद डब्यात असते. मोटारीचा कॉम्प्रेसर मात्र इंजिनावरील पट्ट्याने फिरतो, म्हणून त्याचा दांडा सीलमधून बाहेर काढावा लागतो. शिवाय इंजिन हादरत असल्याने काही नळ्या रबरी ठेवाव्या लागतात व सांधेही अनेक असतात. त्यामुळे जुन्या गाडीत चार-पाच वर्षांनी थोडी तूट यावी हे समजण्यासारखे आहे. पण दर वर्षी गॅस कमी होत असेल, तर कोठेतरी छिद्र आहे हे निश्चित जाणावे. मडके गळत असता त्यात रोज पाणी ओतणाऱ्यास आपण शहाणा म्हणत नाही. आणि इथे तर ओतावयाची वस्तू विकतची आहे.

हे यंत्र थंडावा कसे निर्माण करते, ते आपल्या आजीस पुस्तक न वाचताही ठाऊक होते. माठातून पाणी झिरपते, त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ते माठातील उष्णता घेऊन जाते. वाळ्याच्या पडद्यावर पाणी शिंपडले की त्यातून येणारा वारा गार लागतो, तोही ह्याच न्यायाने. द्रवाची वाफ होताना उष्णता शोषली जाते, एवढेच सारे रहस्य. माठातील वाफ हवेत निघून जाते, म्हणून रोज पाणी भरावे लागते. एसीत पाण्याऐवजी असा पदार्थ असतो की जो अतिशय कमी तपमानावर उकळतो. सध्या बहुतेक गाड्यांत वापरला जाणारा आर-१३४ए हा गॅस साध्या वातावरणीय दाबाखाली उणे २६ अंश सेल्सिअसला उकळतो. डॅशबोर्डमागील कूलिंग कॉइलमध्ये त्याची वाफ होते व गाडीतील हवेची उष्णता तो घेतो. कॉम्प्रेसर ती वाफ ओढून दाबतो, त्यामुळे ती तापते. मग ती रेडिएटरपुढील कंडेन्सरच्या जाळीत जाते, बाहेरच्या हवेला उष्णता देऊन पुन्हा द्रव होते, ड्रायरमधून गाळली जाऊन एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक वाटेने परत कॉइलमध्ये येते. येथे वाफ हवेत सोडली जात नाही; तीच पुनःपुन्हा वापरली जाते.

ह्यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. गाडीतील उष्णता नाहीशी होत नाही. ती उचलून बाहेर टाकली जाते. आणि बाहेरची हवा तापलेली असताना ती टाकणे हे कठीण काम होय. कलबुर्गीत चैत्र-वैशाखात पारा ४२ अंशांवर जाणे नवलाचे नाही. अशा हवेला उष्णता द्यावयाची तर कंडेन्सरमधील गॅस तिच्याहून बराच अधिक तापलेला असावा लागतो. बिदर सुमारे २,२०० फूट उंचीच्या पठारावर, तर कलबुर्गी त्याहून सहा-सातशे फूट खाली. म्हणून बिदरला बरा चालणारा एसी हुमनाबादवरून कलबुर्गीकडे उतरताना मलूल पडला, तर त्यात गॅसचा दोष असेलच असे नाही. इंदूर-बडोद्याच्या वाचकांनाही वैशाखात असाच अनुभव येत असेल. तंजावरच्या वाचकांची अडचण निराळी: तेथे हवेतील दमटपणाचे पाणी करण्यातच यंत्राची बरीच शक्ती जाते. एसी चालू असताना गाडीखाली टपकणारे स्वच्छ पाणी ते हेच. त्यास गळती समजून घाबरू नये.

तेव्हा गॅसवर ठपका ठेवण्यापूर्वी बाकीच्या गोष्टी तपासून घ्याव्यात, आणि त्यांपैकी बहुतेक फुकट तपासता येतात. पहिली गोष्ट म्हणजे कंडेन्सरची जाळी. आपला हा भाग तुरीचा; रास होते त्या दिवसांत हवेत भुसा असतो, आणि पुढे काळ्या मातीची धूळ उडू लागते. हा सारा थर जाळीच्या पापुद्र्यांत बसतो आणि वाऱ्याची वाट अडवितो. इंजिन पूर्ण निवल्यावर साध्या नळीच्या पाण्याने, हलक्या हाताने ती धुवावी. धुलाई केंद्रातील जोरदार फवारा जवळून मारू नये. पापुद्रे वाकले की वाट कायमचीच बुजते. दुसरी गोष्ट म्हणजे कंडेन्सरचा पंखा. धावत्या गाडीत एसी चांगला आणि फाटकापाशी थांबले की गरम, असे होत असेल तर संशय पंख्यावर घ्यावा. तिसरी गोष्ट पट्टा. तो सैल असला तर कॉम्प्रेसर पुरा फिरत नाही. चौथी गोष्ट आतील वाऱ्याची. वारा थंड आहे पण जोर नाही, असे असेल तर आतील फिल्टर किंवा कॉइल धुळीने भरलेली असते. पुष्कळ जुन्या गाड्यांत तर फिल्टर मुळातच नसतो आणि वर्षानुवर्षांची धूळ थेट कॉइलवर बसलेली असते. पाचवी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: हीटरचा कॉक. जुन्या गाडीत तो अर्धवट उघडा अडकून बसला की इंजिनाचे गरम पाणी आत फिरत राहते. एका हाताने थंड आणि दुसऱ्या हाताने गरम करण्याचा हा प्रकार. त्यावर कितीही गॅस भरला तरी उपयोग होत नाही.

बिदरकरांना हे पटविण्यासाठी दूर जावयास नको. पंधराव्या शतकात बहमनींची राजधानी बिदरला आली, त्या काळातील भूमिगत कारेझ शहराजवळ नौबाद येथे आहे. उन्हाने पाणी आटू नये म्हणून ते जमिनीखालून नेण्याची ही योजना. मध्यंतरी तिचा मार्ग गाळाने व मातीने भरला. अलीकडच्या काळात जेव्हा तिकडे लक्ष गेले, तेव्हा काम झाले ते गाळ उपसून वाट मोकळी करण्याचे. बाहेरून पाणी आणून ओतण्याचे नव्हे. ज्या गोष्टीचा प्रवाह चालावयाचा, तिची वाट आधी पाहावी, हा नियम जुनाच आहे.

आता खरोखरच गॅस कमी असेल तर काय करावे? ह्या गॅसबरोबर कॉम्प्रेसरला वंगण देणारे तेलही नळ्यांतून फिरत असते. म्हणून गॅस जेथून सुटतो तेथून थोडे तेलही बाहेर येते व त्यावर धूळ चिकटते. बॉनेट उघडून नळ्यांचे सांधे, कॉम्प्रेसरचा पुढील भाग आणि कंडेन्सरच्या कडा पाहाव्यात. एखाद्याच जागी काळसर, तेलकट डाग असेल तर चोर बहुधा तेथेच आहे. मिस्त्रीजवळ शोधण्याचे आणखी उपाय असतात: साबणाचा फेस, निळसर दिव्याखाली चमकणारा रंग, वास घेणारे विजेचे यंत्र, किंवा नळ्यांत नायट्रोजन दाबाने भरून तो टिकतो की नाही ते पाहणे. दाबासाठी ऑक्सिजनचे सिलिंडर मात्र कोणी कधीही जोडू देऊ नये. तेल आणि दाबाखालील ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होऊ शकतो. गळती पुष्कळदा एखाद्या रबरी ओ-रिंगची असते, आणि ती रिंग अगदी स्वस्त मिळते. कूलिंग कॉइललाच छिद्र असेल तर डॅशबोर्ड उतरावा लागतो व खर्च मोठा येतो. परंतु तो एकदाच येतो.

सांधा दुरुस्त झाल्यावर लगेच गॅस भरावयाचा नाही. मार्ग उघडला की त्यात हवा आणि हवेबरोबर दमटपणा शिरतो. पाण्याचा अंश राहिला तर तो व्हॉल्व्हच्या बारीक वाटेत बर्फ होऊन अडतो, आणि गॅस व तेल यांच्याशी मिळून आम्लही तयार करतो, जे धातूला आतून खाते. म्हणून व्हॅक्यूम पंप लावून आतील हवा काढतात. दाब पुरेसा उतरला की आतले पाणी साध्या तपमानावरच उकळून वाफेच्या रूपाने निघून जाते. ह्या कामास निदान अर्धा तास, जुन्या किंवा फार दिवस उघड्या राहिलेल्या यंत्रास त्याहून अधिक वेळ द्यावा. नंतर पंप बंद करून काही काळ काटा पाहत बसावे. तो जागचा हलला नाही तर मार्ग घट्ट आहे. सरकू लागला तर छिद्र अजून शिल्लक आहे. मार्ग उघडा राहिला असेल तर ड्रायरही बदलावा, कारण दमटपणा शोषण्याची त्याची शक्ती संपलेली असते.

गॅस भरावयाचा तो वजनाने. किती ग्रॅम, ते बॉनेटखालील पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेले असते. लहान गाडीस साधारण अर्धा किलोच्या आसपास लागतो. केवळ दाबाच्या काट्यावरून किंवा नळी गार लागते म्हणून अंदाजाने भरणे आपल्या उन्हात विशेष फसवे ठरते, कारण दुपारच्या उष्म्याने दाब आधीच चढलेला असतो. कमी गॅस जसा वाईट तसाच जास्तही वाईट. जास्त भरल्यास दाब वाढतो, थंडावा उलट कमी होतो आणि कॉम्प्रेसरच्या जिवावर बेतते. भरताना सिलिंडरखाली काटा ठेवलेला असावा आणि बिलावर ग्रॅमचा आकडा असावा, एवढा आग्रह धरण्यात संकोच मानू नये.

ज्यांच्याकडे बरीच जुनी गाडी अजून जिवाभावाने सांभाळलेली आहे, त्यांच्यासाठी आणखी थोडे सांगितले पाहिजे. १९९० च्या दशकाच्या मध्यापूर्वीच्या एसी मोटारींत सामान्यतः आर-१२ हा गॅस असे. अमेरिकेतील थॉमस मिजली यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२८ मध्ये ह्या जातीचे वायू पुढे आणले, तेव्हा ते वरदान वाटले. कारण त्यापूर्वी शीतयंत्रांत अमोनिया, सल्फर डायॉक्साइड असे विषारी वायू असत. पुढे १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलँड यांनी दाखवून दिले की हे निरुपद्रवी वाटणारे वायू वर जाऊन ओझोनचा थर नष्ट करू शकतात. १९८५ मध्ये दक्षिण ध्रुवावरील ओझोनची घट प्रसिद्ध झाली, आणि १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल करार झाला. भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला व २००८ मध्ये आपल्या देशात ह्या वायूंचे सर्वसाधारण उत्पादन थांबले. तेव्हा आज कोणी “अस्सल आर-१२” देऊ करील तर सावध राहावे. जुनी गाडी आर-१३४ए वर आणता येते. पण केवळ जुना गॅस सोडून नवा भरला की काम झाले असे नव्हे. जुने खनिज तेल नव्या गॅसशी मिसळत नाही. म्हणून ते काढून एस्टर जातीचे तेल घालावे लागते, ओ-रिंगा व ड्रायर बदलावे लागतात, भरण्याच्या तोंडांना निराळे जोड बसवावे लागतात, आणि गॅस मूळ वजनाच्या ८० ते ९० टक्केच भरतात. कडक उन्हात ह्या गॅसचा दाब आर-१२ पेक्षा अधिक चढतो, म्हणून कलबुर्गीसारख्या ठिकाणी मोठा कंडेन्सर किंवा जादा पंखा बसविणे हिताचे असते.

आर-१३४ए ओझोनला धक्का लावीत नाही, पण तोही निर्दोष नव्हे. पृथ्वी तापविण्याची त्याची शक्ती, शंभर वर्षांच्या हिशेबाने, कार्बन डायॉक्साइडच्या सुमारे १,४३० पट धरली जाते. अर्धा किलो गॅस हवेत गेला म्हणजे सुमारे ७१५ किलो कार्बन डायॉक्साइड सोडल्यासारखे झाले. एक लिटर पेट्रोल जळाल्यावर तो सुमारे २.३ किलो निघतो. म्हणजे ही एक गळती ३१० लिटर पेट्रोल जाळण्याबरोबर. लिटरला १५ किलोमीटर धरले तर साडेचार हजारांहून अधिक किलोमीटरांचा प्रवास. कलबुर्गीहून पुण्याला जाऊन परत येण्याच्या जवळजवळ सहा फेऱ्या, आणि त्याही जागचे न हलता! जगाने २०१६ मध्ये किगाली येथे ह्या वायूंचाही वापर उतरविण्याचे ठरविले. भारताने २०२१ मध्ये त्यास मान्यता दिली असून आपल्याकडील प्रत्यक्ष कपात २०३२ पासून टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे. युरोपात २०१७ पासून नव्या मोटारींत आर-१३४ए घालता येत नाही. सरकारे आपापली कामे करतीलच. परंतु आपल्या अंगणातील गाडीची गळती बुजविण्यास कोणत्याही कराराची वाट पाहावी लागत नाही. आतील उरलेला गॅस उघड्यावर सोडून न देता यंत्राने ओढून घेणारे गॅरेज जवळपास असेल, तर चार पैसे अधिक देऊनही तेथेच जावे.

धोक्याच्या दोन-तीन गोष्टी घरच्या मंडळींनी ध्यानात ठेवाव्यात. स्वस्तात म्हणून स्वयंपाकाचा गॅस एसीत भरण्याची युक्ती कोणी सुचविली तर स्पष्ट नकार द्यावा. तो थंडावा देतो हे खरे; पण कॉइल फुटली तर बंद गाडीत ज्वलनशील वायू पसरतो आणि एका ठिणगीने अनर्थ होतो. हौसेने डबा आणून घरी गॅस भरू पाहणाऱ्या तरुणांनी हे जाणावे की द्रवरूप गॅस कातडीवर वा डोळ्यांत उडाल्यास हिमदाह होतो. तो हवेहून जड असल्याने बंद खोलीत किंवा खड्ड्यात साचून गुदमरवितो, आणि ज्वाळेशी आला की विषारी वायू होतो. म्हणून हे काम जाणत्याच्या हातून आणि मोकळ्या जागीच व्हावे.

आता मिस्त्रीविषयी. आपल्याकडील मिस्त्री एका वाक्यात मराठी, कानडी आणि दखनी बोलतो. हातही बहुधा कुशल असतो. वर्षानुवर्षे गिऱ्हाईकच म्हणत आले की “लवकर गॅस भरून द्या, दुपारी गाणगापूरला निघावयाचे आहे.” गळती शोधावयास अर्धा दिवस लागतो आणि त्या अर्ध्या दिवसाचे पैसे द्यावयास कोणी तयार नसतो, मग त्यानेही गॅस भरून मोकळे व्हावे, ह्यात सारा दोष त्याचा नव्हे. म्हणून आमची सूचना अशी की गाडी माघ-फाल्गुनातच, गर्दी होण्यापूर्वी न्यावी, आणि आरंभीच म्हणावे, “उस्ताद, आधी गळती शोधा, शोधण्याची मजुरी वेगळी घ्या.” जुना निघालेला भाग पाहावयास मागावा. वर्षभरानंतर गॅसचे वजन पुन्हा करून घेतले तर काम टिकले की नाही तेही कळते.

वापराच्या सवयीही यंत्राचे आयुष्य वाढवितात. बिदरच्या थंडीत एसीची आठवण होत नाही आणि चार महिने तो बंद पडून राहतो. अशाने कॉम्प्रेसरच्या सीलला तेल मिळत नाही, ते सुकते, आणि उन्हाळ्यात तेथूनच गळती सुरू होते. म्हणून हिवाळ्यातही आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालवावा. उन्हात उभी असलेली गाडी आतून बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते. बसताच काचा लावून एसी पुरा सोडण्याऐवजी दोन मिनिटे काचा उघड्या ठेवून गाडी चालवावी, तापलेली हवा निघून जाऊ द्यावी आणि मग आतलीच हवा फिरविणारी खटकी लावावी. आणि “दोन मिनिटांत येतो” म्हणून मुलांना बंद गाडीत ठेवून कोणीही, कोणत्याही कारणाने जाऊ नये. एवढ्याशा अवधीतही आतील उष्णता चढू लागते, आणि लहान जिवास ती सोसत नाही.

गाडीतील गारवा ही आपल्या हवेत निव्वळ चैन राहिलेली नाही. वैशाखात लग्नाला, माणिकनगरला किंवा तुळजापूरला निघालेल्या गाडीत मागच्या बाजूस सत्तरी ओलांडलेल्या आजी आणि मांडीवर तान्हे बाळ असते. ४२ अंशांच्या वाऱ्यात वाटेवर एसी बंद पडणे ही त्यांच्या प्रकृतीची गोष्ट होय. म्हणूनच तो दर वर्षी तात्पुरता थंड करून घेण्यापेक्षा एकदा नीट दुरुस्त करून घेणे अगत्याचे आहे. गॅसचे पैसे दर वर्षी द्यावे लागतात. गळती शोधण्याचे बहुधा एकदाच.